चौकोन कापला जातो, पण कळवत कोणी नाही

ग्राफिक्स शिकू पाहणाऱ्याने ५०० पिक्सेल रुंदीचा साधा चौकोन काढायला घ्यावा आणि पडद्यावर त्याचा जेमतेम तुकडा उमटावा, याला काय म्हणावे? कॅनव्हासची, म्हणजे वेबपानावर चित्र काढायच्या जागेची, मापे दिली नाहीत, तर ब्राउझर मुकाट्याने रुंदी ३०० आणि उंची १५० धरतो व त्यापलीकडचे सारे कापून टाकतो. त्रुटीचा संदेश नाही की साधी सूचना नाही. बरे, सीएसएसमधून, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतून, आकार वाढवावा, तर तेच इवलेसे चित्र ताणले जाते, कडा धूसर होतात आणि प्रमाण बिघडले की वर्तुळाचे लंबवर्तुळ होते. ओपनजीएल या ग्राफिक्स काढण्याच्या प्रणालीची तऱ्हा आणखी न्यारी: कोणतेही रूपांतर न करता १०० किंवा २०० असे निर्देशांक, म्हणजे बिंदूंची जागा सांगणारे आकडे, पाठवले की पडदा कोराच, कारण तिथले दिसणारे जग उणे १ ते १ एवढेच असते. वेबजीएलमध्ये, म्हणजे ओपनजीएलच्या ब्राउझरमधल्या भावंडात, रेषेची जाडी १० मागितली, तरी अनेक यंत्रांवर ती १ पिक्सेलच मिळते, आणि हेही अर्थातच कोणी बोलून दाखवत नाही. मर्यादा असायला माझी हरकत नाही. ती ओलांडल्यावरही सारे आलबेल असल्याचा आव आणला जातो, त्याचा मनस्वी संताप येतो. नवशिका बिचारा आपल्याच सूत्रातली नसलेली चूक शोधत बसतो.