नुसती प्रार्थना नाही हो

लेखात म्हटलंय की चर्चच्या प्राथमिक शाळेतले ख्रिस्ती संस्कार म्हणजे सकाळची प्रार्थना आणि नाताळचं नाटक, बाकी सगळं इतर शाळांसारखंच. अर्धंच पटलं. आमची धाकटी नाशिकमध्ये अशाच शाळेत दुसरीला आहे, घरी गणपती बसतो, सासूबाईंना आधी जाम टेन्शन की पोरगी बदलेल. तसं काही झालं नाही. भांडण झालं की टीचर दोघांना समोरासमोर बसवतात, एकानं सॉरी म्हणायचं, दुसऱ्यानं माफ केलं म्हणायचं आणि मग तो विषय परत काढायचा नाही, आता घरी आमच्या दोघांवर पण हाच नियम लावते ती 😄

आणि नाशिककरांनी तरी असं म्हणू नये. आपल्या शरणपूरला एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकायची, त्यातलाच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी आणि संशोधक प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन पार इंग्लंडला गेला. धर्मप्रचाराचा हेतू होताच, नाही कशाला म्हणा, पण ज्यांना कुणी विचारत नव्हतं त्यांना वर्गात बसवलं ना.

सक्तीचं म्हणाल तर घटनेचं कलम २८(३) आहेच, मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला उपासनेला बसायला लावता येत नाही. नको असेल तर पालकांनी सरळ तसं लिहून द्यावं. माझी तक्रार वेगळीच आहे, गरिबांची सेवा भिंतीवर रंगवायची आणि फी रिक्षावाल्याच्या आवाक्याबाहेर ठेवायची, यावर लेखात एक ओळ पण नाही.