साखर सोडली म्हणून रक्तगट बदलतो का?

परवा मावशीचा फोन आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी तिची केमो चालू आहे. बोलता बोलता सहज म्हणाली, अठरा दिवस झाले, साखर, फळं, दूध, धान्य सगळं बंद आहे. वजन चार किलोने उतरलंय. हे सगळं कशावरून, तर एका फॉरवर्डवरून. मलाही तो आतापर्यंत तिघांनी पाठवलाय: "कर्करोगाच्या पेशी साखरेचा कोट घालून शरीरभर पसरतात, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. चाळीस दिवस साखर बंद करा. कोट विरघळेल, गाठ जागेवरच राहील. मध चालेल. बायोप्सी टाळा. सीए १९-९ ही रक्ततपासणी नॉर्मल असेल तर रोग पसरलेला नाही."

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे आणि तिथेच माणूस फसतो. पेशीच्या बाहेरच्या अंगाला असलेल्या बहुतेक प्रथिनांवर साखरेच्या रेणूंच्या साखळ्या जोडलेल्या असतात. या जोडणीला ग्लायकोसायलेशन म्हणतात. कर्करोगात या साखळ्या बदलतात: जास्त फांद्या फुटतात, टोकांना सियालिक आम्ल नावाची साखर जास्त बसते. काही टोकं तर रक्तवाहिनीच्या अस्तरावरच्या ई-सिलेक्टिन नावाच्या प्रथिनाला नेमकी अडकतात. रक्तातून वाहत चाललेल्या पेशीला तिथे धरायला जागा मिळते. इथपर्यंत ठीक. पण असा "कोट" निरोगी पेशींवरही असतो, हे लिहायला फॉरवर्डवाला सोयीस्कर विसरला.

आता त्या चाळीस दिवसांकडे येऊ. ए, बी, ओ हे रक्तगट म्हणजे काय? लाल पेशीवरच्या साखळीच्या टोकाला कोणती साखर आहे, एवढंच. ए गटात एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामाइन, बी गटात गॅलॅक्टोज, ओ गटात दोन्ही नाहीत. खाणं बंद करून कोट विरघळत असता तर साखर वर्ज्य केलेला प्रत्येक मधुमेही एव्हाना ओ गटाचा झाला असता. लंब्याचवड्या उपोषणानंतर कुणाचा रक्तगट बदललेला ऐकलाय?

बदलत नाही, कारण साखळी कशी बांधायची हे ताटात ठरत नाही. पेशीतल्या गॉल्जी नावाच्या भागात बसलेली विकरं (एन्झाइम) ती बांधतात आणि कोणतं विकर किती बनेल हे जनुकांच्या हातात असतं. याचा मला माहीत असलेला सर्वांत चांगला पुरावा २००० साली नेचर मेडिसिन या शोधपत्रिकेत आला. टोरोंटोच्या जेम्स डेनिस यांच्या गटाने एमगॅट५ हे जनुकच नसलेले उंदीर घेतले. जादा फांद्या काढणारं विकर या जनुकापासून बनतं. ते नसलेल्या उंदरांत स्तनाच्या गाठींची वाढ आणि त्यांचं पसरणं, दोन्ही मंदावलं. बदल केला होता जनुकात, आहारात नव्हे.

आणखी गंमत पुढे आहे. एमगॅट५चं विकर जी साखर फांदीसाठी वापरतं, तीच साखर एमगॅट३ हे दुसरं विकर साखळीच्या मधोमध बसवतं. ती तिथे बसली की एमगॅट५ला फांदी काढता येत नाही. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींत एमगॅट३ वाढवल्यावर उंदरांच्या फुप्फुसांत रोग कमी पसरला. म्हणजे साखर तीच, पण एका जागी ती रोगाला वाट करून देते आणि दुसऱ्या जागी अडवते. उलट, कित्येक कर्करोगांत काही साखळ्या अर्धवट, आखूडच राहतात. तिथे विरघळवायला कोट आहेच कुठे? अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

नाइलाजाने एक कबूल करतो. अनेक गाठी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात. जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी हे १९२०च्या दशकात दाखवलं आणि गाठी शोधणारा पेट स्कॅन याच सवयीवर चालतो. साखळ्यांचा काही कच्चा मालही ग्लुकोजमधूनच येतो. गोड खाऊन लठ्ठपणा वाढला तर काही कर्करोगांचा धोका वाढतो, हेही खरं. पण खाणं तोडलं म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही. यकृत ते बनवत राहतं, आणि त्यासाठी स्नायूंमधली प्रथिनं मोडली जातात. मावशीच्या चार किलोंत तिचे स्नायूही गेले असणार. केमो चालू असताना नेमके तेच टिकवायचे असतात.

बाकीचं झटपट. मध म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज, त्यामुळे "साखर नको, मध चालेल" यावर काय बोलणार! बायोप्सीच्या सुईच्या वाटेने पेशी सांडल्याची उदाहरणं आहेत, पण विरळ, आणि सुई कुठून घालायची हे डॉक्टर ते धरूनच ठरवतात. बायोप्सीच नाही केली तर उपचार कशावर करायचे?

सीए १९-९चं मात्र असं उडवून लावता येणार नाही. ते रक्तातली साखर मोजत नाही, एका विशिष्ट साखळीचं प्रमाण मोजतं. साधारण ५ ते १० टक्के लोकांत ती साखळी बनवणारं विकर जन्मतःच नसतं. त्यांचा कर्करोग कितीही पसरला तरी आकडा खालीच राहू शकतो. तो "नॉर्मल" आकडा बघून कुणी पुढचा स्कॅन टाळला तर?

मावशीने काल डॉक्टरांना ते अठरा दिवस सांगितले. केमोचा डोस उंची-वजनावरून काढतात, त्यामुळे पुढच्या सायकलच्या आधी तिचं वजन पुन्हा करणार आहेत.