आधी गाडीतला पत्रा नीट बसवा, मग आम्हाला ओला-सुका शिकवा

कचरागाडीच्या भोंग्यावर ‘ओला वेगळा, सुका वेगळा’चं गाणं लावून गल्लीत फिरायचं आणि हिरवी-निळी दोन्ही बादल्या एकाच हौद्यात उलट्या करायच्या! खानदेशातल्या कितीतरी गावांत रोज सकाळी हा तमाशा चालतो. घनकचरा नियमांनुसार घरात वेगळा केलेला कचरा वेगळाच उचलणं हे पालिकेचं काम आहे. दंडाच्या पाट्या मात्र आमच्या चौकात.

मुख्याधिकारी साहेब, मिसळ कुठे होते ते बघा. छोटा हत्ती, म्हणजे आपल्या कचऱ्याच्या टेम्पोच्या हौद्यात ओला-सुका वेगळा ठेवायला पत्रा टाकतात तो बरोब्बर मधोमध. पण ओला कचरा जड आणि सुका फुगीर. चार-पाच माणसांच्या घरातून दिवसाला साधारण दीड किलो निघतो असं धरा. त्यातला किलोभर ओला दोन लिटरमध्ये मावतो. उरलेला अर्धा किलो सुका, म्हणजे दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, खोकी, पाच लिटर तरी जागा खातो. दोन घनमीटरच्या हौद्यात सुक्याची बाजू 200 घरांतच काठोकाठ भरते. ओल्याची तेव्हा निम्मीसुद्धा भरलेली नसते. मग गाडीवरच्या पोराने काय करायचं? सुका ओल्याच्या बाजूला लोटतो. महिनाभरात पत्राच गायब, कारण गाडी रिकामी करताना तो आडवा येतो.

उपाय काय, तर पत्रा सरकवा. पाचातले दोन हिस्से ओल्याला, तीन सुक्याला, आणि सुक्याच्या बाजूवर जाळीचा पिंजरा चढवा. एका फेरीत साडेतीनशे घरं आरामात होतात आणि वजन सव्वापाच क्विंटलच्या आसपास राहतं. वेल्डिंगवाल्याचं एका दिवसाचं काम, त्याला कसली आलीय समिती?

आता वेळेचा हिशोब. घरामागे 20 सेकंद धरले तर साडेतीनशे घरांना दोन तास लागतात. कचरा डेपोवर जाऊन-येऊन सकाळच्या दोन फेऱ्या केल्या की 700 घरं. त्याच गाडीच्या माथी 1500 घरं मारली की कॉलन्यांना गाडी दिवसाआड, नाहीतर तिसऱ्या दिवशी. जळगाव-भुसावळचा मे महिना 45 अंशांचा. माशीची अंडी दिवसभरात फुटतात, म्हणजे तिसऱ्या दिवशी बादलीत अळ्या वळवळणारच. लोक मग पिशवी बांधून नाल्यात फेकतात आणि आपण पावसाळ्यात नाला तुंबला म्हणून फोटो काढतो. जुन्या गावातल्या बोळांत तर गाडी शिरतच नाही. तिथे दोन डब्यांची ढकलगाडी हवी, ती कोणी मागत नाही, कारण तिच्यापुढे नारळ फोडायला मजा येत नाही.

हिवाळ्यात भरीत पार्ट्या सुरू झाल्या की सोमवारी कचरा दुप्पट, गाड्या मात्र तेवढ्याच. इथे आपल्यालाही चार शब्द सुनवायला हवेत. अरे भो, कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्यावर निखाऱ्यासकट राख गाडीत टाकतात का? सुका कचरा पेट घेतो. पाणी मारा, रात्रभर राहू द्या, मग टाका.

खरी मेख ठेक्यात आहे. कितीतरी ठिकाणी ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. प्लॅस्टिक वेगळं ठेवलं तर हौदा भरतो पण काटा हलत नाही. गटारीचा गाळ, रस्त्याची माती, राडारोडा घातला की काटा झुकतो. मिसळ करण्याला तुम्हीच बक्षीस लावलंय आणि वर आमचं प्रबोधन करताय! पैसे द्या ते घरामागे, वेगळ्या उचललेल्या कचऱ्याचे. मिसळ सापडली त्या फेरीचं बिल कापा. घरांवरचे क्यूआर कोड स्कॅन होतात म्हणून खूश होऊ नका. कोडचे फोटो काढून ठेवले की चहाच्या टपरीवरूनही अख्खी गल्ली ‘झाली’ दाखवता येते. अचानक जाऊन हौद्यात डोकवा.

मिसळलेल्या कचऱ्याचं डेपोवर खत होत नाही ते वेगळंच. ढिगात निम्मी ओल राखून आठवड्याला पलटी मारली तर दीड-दोन महिन्यांत खत तयार होतं. पण त्यात काचा, पॅड आणि डायपर असतील तर केळीवाला शेतकरी ते बागेत कशाला घालेल? तो शेणखतच घेणार. ढीग तसाच वाढतो, आत वायू साठतो आणि उन्हाळ्यात धुमसतो.

काट्याच्या पावत्या दर महिन्याला पालिकेच्या दारावर लावा. ओला किती, सुका किती, माती किती. होऊन जाऊ द्या.