संप त्यांचा, मुदती मात्र आमच्यावर

एप्रिल 2023. डोकं फिरलंय नुसतं. 19 एप्रिलपासून कॅनडात केंद्र सरकारचे दीड लाखाच्या वर कर्मचारी संपावर आहेत, त्यात इमिग्रेशनवालेही आले. पगारवाढ हवी, घरून काम करायची मुभा हवी. मिळू दे त्यांना, माझं काही म्हणणं नाही. पण इथे कोथरूडमध्ये माझी भाची तिकडच्या कॉलेजात मे इनटेकची, म्हणजे मे महिन्यात सुरू होणाऱ्या सत्राची, ॲडमिशन घेऊन बसलीय आणि विद्यार्थी व्हिसाचा अर्ज जिथल्या तिथे, त्याचं काय?

वर लोक सांगतात, थोडा उशीर होईल, एवढं काय! अरे, पैसे किती अडकलेत ते बघा आधी. एसडीएसमधून, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीच्या झटपट मार्गाने, अर्ज करायचा तर 2023च्या नियमाने पहिल्या वर्षाची पूर्ण फी आधीच भरायची, शिवाय जीआयसीचे, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठीच्या ठेवीचे, 10,000 कॅनेडियन डॉलर, म्हणजे सहा लाखांच्या वर, तिकडच्या बँकेत ठेवायचे. एवढं केलं की बहुतेक अर्ज 20 दिवसांत निकाली काढतो, हे तिकडचं इमिग्रेशन खातंच सांगणार. ताईने राहता फ्लॅट तारण ठेवलाय यासाठी. व्याज रोज चढतंय.

गेल्याच महिन्यात आपल्याकडे तेच झालं. 14 ते 20 मार्च, राज्य कर्मचाऱ्यांचा संप, 'एकच मिशन, जुनी पेन्शन'. उत्पन्नाचा दाखला अडकला, त्यापायी कर्जाची फाइल अडकली, त्यापायी फी. नाहीतर अर्ज बराच आधी गेला असता.

संताप येतो तो या एकतर्फी कारभाराचा. बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की 30 दिवसांत ठसे द्या. मेडिकल 12 महिनेच चालणार. कॉलेजची तारीख हुकली की सेमिस्टर गेलं. आमच्या डोक्यावर प्रत्येक गोष्टीची मुदत, आणि त्यांचं काम थांबलं की वेबसाइटवर सूचना: विलंब होऊ शकतो. ऑनलाइन अर्ज मात्र भरत राहा, फीसकट! फी घेताय ना? मग संप जितके दिवस चालेल तितके दिवस प्रत्येक अर्जदाराची मुदत आपोआप पुढे गेलीच पाहिजे. त्यासाठी कोणी हात जोडायची वेळ येता कामा नये.

ओटावात सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. त्या वेळेला पोरगी लॅपटॉप उघडते, स्टेटस बघते, बंद करते आणि कोणाशी बोलत नाही. बॅगा तेवीस-तेवीस किलोत बसवून तयार होत्या. ताईने काल त्यातलं मेतकूट नि गोडा मसाला काढून परत फ्रीजमध्ये ठेवला.

आणि तो डेक्कनवरचा कन्सल्टंट! "मॅडम, ॲडमिशन पुढे सप्टेंबरला डिफर करून टाकू, त्याची प्रोसेसिंग फी वेगळी पडेल." मे इनटेकला गर्दी कमी असते म्हणून यानेच गळ्यात मारलं होतं. डिफर करायचं तर कॉलेजला मेल जातो, तो पोरगी स्वतः लिहील. ताईला मी बजावलंय, त्याला आता एक पैसाही द्यायचा नाही.