शेंगाचटणी आहे, पण डाळ कुठंय?

तुमच्या लेखात म्हटलंय की ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या सोलापूरकराला प्रथिनांची चिंता नको. अर्धंच खरं आहे हे.

माझी आई चाळीस वर्षं विड्या वळायची. दुपारी विड्यांचं सूप मांडीवरून खाली ठेवायची, कडक भाकरी चुरायची आणि त्यावर आमटीचं वरचं पाणी ओतून घ्यायची. तळाची डाळ आम्हा पोरांच्या ताटात. आज अडुसष्टाव्या वर्षी पाट सोडून उठताना तिला भिंत धरावी लागते. सगळं वयावर ढकलू नका हो, वयाबरोबर स्नायू झिजतात तेव्हा प्रथिनं जास्तच लागतात.

ज्वारीत १०० ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, पण त्यात लायसीन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी. ते तुरीत, मुगात, हुलग्यात भरपूर. डाळीत मेथिओनिन हा तसाच दुसरा घटक कमी, ते ज्वारी पुरवते. म्हणून जोडी हवी. शेंगदाण्यात २५ ग्रॅम असली तरी चटणी दोन चमचेच खातो आपण, म्हणजे जेमतेम ४-५ ग्रॅम, आणि लायसीन त्यातही कमीच. निरोगी माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात. आई ५२ किलोची, म्हणजे किमान ४३ ग्रॅम.

आता मी तिला घट्ट वरण आधी वाढते, दुपारी ताकाबरोबर उकडलेली मटकी. अंडं खात नाही ती. प्रथिनांच्या पावडरचा डबा आणला नाही, गरज वाटली नाही.

विडी कामगार बायकांच्या ताटाबद्दल लिहा कधीतरी, मनापासून सांगते.