फुकटची डायनिंग कार

खेळण्यातल्या आगगाडीचा एक चांगला डबा परदेशातून मागवला, तर कुरिअर आणि कस्टम धरून होणाऱ्या रकमेत खऱ्या डेक्कन क्वीनने कितीतरी वेळा मुंबईला जाऊन येता येईल. बरं, मिळणार जर्मन नाहीतर अमेरिकन डबा. मला हवी होती राणीचीच डायनिंग कार, जुन्या निळ्या-पांढऱ्या रंगातली, लाल पट्ट्याची. तेव्हा ठरवलं, घरच्या अडगळीतूनच करायची. एक पैसा खर्चायचा नाही.

माप एचओ, म्हणजे 1:87. एकवीस मीटरांहून थोडा लांब आयसीएफ डबा, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा, त्यात साडेचोवीस सेंटिमीटरचा होतो. भाच्याच्या मोडक्या अमेरिकन सेटमधल्या पॅसेंजर डब्यांच्या बोग्या, म्हणजे खालचे चाकांचे सांगाडे, होत्याच. खऱ्या गाडीत त्यांचं चाक 36 इंची, आपलं 915 मिलिमीटर, म्हणजे पत्रिका जुळली. रूळ मात्र 16.5 मिलिमीटरचे, आपल्या ब्रॉडगेजला 19.3 हवेत. एवढं तेवढं चालायचंच.

भिंती लग्नपत्रिकांच्या केल्या. कागद जाड, कापायला झकास. फक्त खिडकीतून आत डोकावलं की 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' दिसतं. काचांना नव्या शर्टाच्या कॉलरीतली पारदर्शक पट्टी, दांड्यांना स्टेपलरच्या पिना, छताला पीव्हीसी पाइपचा उभा काप.

छतावरच्या व्हेंटिलेटरनी घाम काढला. त्याला आईच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट बरोब्बर मापाचं. रिकामा फुगा कापायचा, की व्हेंटिलेटर तयार. मग मी रोज सकाळी विचारू लागलो, "आई, गोळी घेतलीस का?" आईला भरून आलं. सोसायटीत तिने सांगितलं, मुलगा असावा तर असा. एका बाजूचे व्हेंटिलेटर पुरे झाले आणि डॉक्टरांनी गोळी बदलली. नवी लांबट! मी डॉक्टरांना फोन करून जुन्या गोळीची बाजू लावून धरली, तेव्हा त्यांनी माझंच बीपी तपासायला बोलावलं.

डबा रुळावर ठेवला आणि पहिल्याच वळणावर आडवा. हलका डबा घसरणारच. अमेरिकन छंदिष्टांच्या संघटनेचा हिशेब असा: सुरुवातीचा एक औंस, शिवाय लांबीच्या दर इंचाला अर्धा. म्हणजे सुमारे 165 ग्रॅम. माझा डबा जेमतेम 45. नट-बोल्ट आणले असते, पण विकत घेणं व्रतात बसत नव्हतं. पाचाचं जुनं पिवळं नाणं मात्र नेमकं 6 ग्रॅमचं. वीस नाणी आत फरशीवर दोन थरांत ओळीने चिकटवली, वर छत फेविक्विकने पक्कं केलं. डबा असा चालू लागला की बघत राहावं.

परवा दारात रिक्षावाला सुट्ट्यांसाठी अडून बसला.

"अहो, डब्यातली नाणी कुठे गेली?"

"डब्यातच आहेत," मी म्हणालो.

बायको स्वयंपाकघरातून परत आली, तेव्हा तिच्या हातात सांडशी होती.