सी, डी आणि धुरा

घरच्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे हिस्से पाडताना बाबांना त्या खोलीत येऊ द्यायचं नाही, असं मी आणि बायकोनं आधीच ठरवलं होतं. बाबांची अर्धी हयात चुलतभावाशी वावराच्या एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण्यात गेली. तहसील, भूमी अभिलेख, दिवाणी कोर्ट, सगळी देवळं फिरून झाली. जमीन महसूल संहितेचं वाटणीचं कलम 85 त्यांना हनुमान चालिशापेक्षा पक्कं पाठ आहे.

पण यवतमाळला पॉलिटेक्निक शिकणारा शेजारचा पोरगा छपरीतूनच ओरडत आला, "काका, पहिले हिस्से पाडून घेऊ, मंग बाकीचं टाकू!"

बाजेवर पडलेले बाबा ताडकन उठून बसले. "कोन पाडून रायला हिस्से? मी अजून जित्ता हावो!"

समजूत घालता घालता खुर्ची आत आली, चष्मा आला, पानाचा डबाही आला. बाबा स्क्रीनसमोर बसले आणि पहिला प्रश्न पडला, "एकून वावर किती?"

"एक टीबी, आबा. म्हंजे हजार जीबी."

"अन् इथं त 931 लिहून हाये. बाकीचे 69 कोनं खाल्ले?"

पोरानं सांगितलं ते खरंच होतं. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट धरतात. विंडोज मात्र 1024 च्या हिशेबानं मोजतं आणि तरी पुढे जीबीच लिहितं. जागा तेवढीच, माप दुसरं. मला वाटलं आता दुकानदाराचा उद्धार सुरू होणार. बाबा शांतपणे म्हणाले, "शंकू साखळीनं मोजलं त येगळं, मशीननं मोजलं त येगळं. पुढं चाल." जे मला माझ्या बारावीतल्या पोराला समजावताना घाम फुटला होता, ते त्यांना सुपारी कातरता कातरता पटलं.

विंडोज जिथं डिस्कचे हिस्से दाखवतं, त्या डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीत सी ड्राइव्हच्या आजूबाजूला दोन बारके तुकडे होते. एक 100 एमबीचा, त्यावर मशीन सुरू करणाऱ्या फाइल असतात. तो उडवला तर विंडोज उठतच नाही. दुसरा विंडोज बिघडलं तर दुरुस्तीला लागणारा. शिवाय 16 एमबीचा एक तुकडा असा, की तो या पट्टीत दिसतसुद्धा नाही.

"पोटखराबा," बाबांनी निकाल दिला. "रस्ता, नाला असा. कोनाच्या हिश्शात द्याचा नाही, अन् त्याच्यावर साराबी नाही."

मग माझ्या पोरीनं विचारलं की अक्षरं सीपासूनच का सुरू होतात. ए आणि बी फ्लॉपीची होती. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, पण विंडोज आजही आपल्या मनानं ती अक्षरं हार्ड डिस्कला देत नाही. बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. मेलेल्यायचे नावं सातबाऱ्यावर असतेच, म्हणाले. सरकारनं 2025 मध्ये ती नावं काढून वारस लावायला 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. विंडोजवाल्यांना अजून तसा तलाठी भेटलेला दिसत नाही.

शेजारचा पोरगा आता रंगात आला होता. त्यानं एमबीआर आणि जीपीटीचा, म्हणजे डिस्कवर हिश्शांची नोंद ठेवायच्या दोन पद्धतींचा, विषय काढला. एमबीआर ही 1983 ची जुनी पद्धत. तिच्यात मुख्य हिस्से चारच. पाचवा पाहिजे असेल तर चारांपैकी एकाच्या पोटात पोटहिस्से पाडायचे. आणि नेहमीच्या डिस्कवर दोन टीबीच्या पुढची जमीन तिला दिसतच नाही. नव्या जीपीटीत विंडोज 128 हिस्से पाडू देतं.

"एकशे अठ्ठावीस?" बाबांचा अडकित्ता थांबला. "अरे, कौरव बी शंभरच होते बाप्पा!"

इथपर्यंत सगळं तोंडी चाललं होतं. प्रत्यक्ष काम सुरू झालं आणि अडलं. डिस्क जवळजवळ सगळी रिकामी, तरी सी ड्राइव्ह आकसवायला घेतला तर विंडोज अर्ध्याच्या पलीकडे जागा सोडायला तयार नाही. पोरगा डोकं खाजवायला लागला.

"मधात इहीर असन," बाबा म्हणाले.

आणि होती की! जागेवरून न हलणाऱ्या फाइल मधेच ठाण मांडून बसतात. एक पेजफाइल, रॅम अपुरी पडली की विंडोज जिथं सामान टेकवतं ती. दुसरी हायबरनेशनची, मशीन बंद करताना चालू काम जसंच्या तसं जिथं ठेवतात ती. सी आकसवताना विंडोज त्यांना ओलांडून मागे सरकू शकत नाही. पोरानं हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, मशीन पुन्हा चालू केलं, आणि मागेल तेवढी जागा सुटली. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिले. "इहीर अशी उचलता आली असती त माही केस कवाच मिटली असती."

तेवढ्यात लाइन गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. हिस्से सरकत असताना वीज तुटली तर आतला सगळा दस्तऐवज विस्कटू शकतो, म्हणून पोरानं घाईघाईनं सगळं बंद केलं. लाइन आली तोवर चहा झाला, आणि चहावर खरी वाटणी सुरू झाली.

माझ्या पोराला गेमसाठी निम्मी डिस्क हवी होती. हल्ली एकेक गेम शंभर जीबी गिळतो, हे खरं. पोरगी म्हणाली, "2005 च्या कायद्यानं मुलीला सारखा हिस्सा आहे." बाबांनी मान डोलावली. कायदा त्यांना माहीत आहेच. माझ्या दोन्ही आत्यांनी भावांसाठी सह्या करून दिल्या, तेव्हाच तो नेमका कुणाला आठवला नव्हता. पोरगी पुढे म्हणाली, "आबा, मी हक्कसोड लिहून देणार नाही." बाबा वर पंख्याकडे पाहू लागले. पंखा बंद होता.

माझं मत कुणी विचारलं नाही, पण मला विचाराल तर घरच्या मशीनवर फार हिस्से पाडूच नयेत. सगळं एकत्र ठेवून फोल्डर करावेत. वेगळ्या हिश्शाचा एक फायदा मी मानतो: विंडोज नव्यानं टाकायची वेळ आली की सी पुसला तरी डीवरचं सामान राहतं. पण पुढे सी भरतो, ईमध्ये जागा सडत पडते, आणि ती सीला देता येत नाही. विंडोजच्या साध्या सोयीनं सीला फक्त उजवीकडे लागून असलेली मोकळी जागाच जोडता येते. मधात डी बसलेला असला की झालं. हे ऐकून बाबांनी मांडीवर थाप मारली. मधल्या भावाचं वावर ओलांडून धाकट्याचं घ्यायला ते स्वतः गेले होते एकदा.

पोरीला वाटत होतं की फोटो सीवर ठेवले आणि ईवर त्यांची नक्कल ठेवली की बॅकअप झाला. मी सांगितलं, तबकडी एकच आहे. ती गेली तर सी, डी, ई सगळं सोबतच जाणार. "गारपीट काय धुरा पाहून पडते?" बाबांनी माझ्या वाक्याला शेपूट जोडलं. नक्कल पाहिजे तर दुसऱ्या डिस्कवर.

"काहो, मले तुमच्यातलं काहीच नको," बायको कपबश्या उचलत म्हणाली. तिच्या बचत गटाचा हिशेब एका पेनड्राइव्हमध्ये आहे, त्याची नक्कल दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये, आणि तो अध्यक्षीणबाईंच्या घरी. अख्ख्या घरात धड बॅकअप असलेली फाइल तेवढीच.

शेवटी सी विंडोजला, डी पोराला, ई पोरीला, डी आणि ई अगदी सारखे. बाबांनी कोर्टाच्या कागदांसाठी एफ मागून घेतला, "मी जित्ता हावो तवरक" या अटीवर. नावं टाकून झाली, शेजारचा पोरगा उठला आणि गेम टाकायला माझ्या पोरानं माउस घेतला.

"ठेव खाली!" बाबा कडाडले. "फेरफार मंजूर झाला काय? पंधरा दिवस नोटीस लागते. कोनाची हरकत असन त लेखी द्या."

पोरानं वहीचं पान फाडून तिथंच हरकत लिहिली. बाबांनी ती घेतली, पोच दिली आणि पुढची तारीख दिली.